सिंहांच्या जागी लांडगे : चित्र खटकले की आपण काय करायचे?

डिसेंबर २०११ च्या अखेरीस मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर अण्णा हजारे यांचे लोकपालासाठीचे उपोषण झाले. त्या आंदोलनाच्या निमित्ताने कानपूरचे तरुण व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांची चित्रे तिथे मांडली गेली. एका चित्रात राजमुद्रेतल्या सिंहांच्या जागी लांडगे होते आणि खाली ‘सत्यमेव जयते’च्या ठिकाणी ‘भ्रष्टमेव जयते’ लिहिले होते. दुसऱ्या चित्रात संसद भवनाचे शौचालय केले होते. आणखी एकात कसाबचा चेहरा असलेला कुत्रा राज्यघटनेवर घाण करत होता. या चित्रांविरुद्ध पोलिसांत तक्रार देणारा तरुण सत्ताधारी पक्षाचा नव्हता. तो रिपब्लिकन चळवळीशी जोडलेला होता, म्हणजे आपल्यातलाच.

सप्टेंबर २०१२ मध्ये त्रिवेदींना अटक झाली. भारतीय दंड संहितेचे कलम १२४-अ म्हणजे राजद्रोह, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ आणि राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा, असे तिन्ही एकदम लावले गेले. त्यांनी सुरुवातीला जामीन मागायलाच नकार दिला. पुढे उच्च न्यायालयाने जामीन दिला, ते आर्थर रोड तुरुंगातून बाहेर आले आणि तोपर्यंत देशभर त्यांचे नाव झाले होते. ज्या चित्रांची दखल मैदानाबाहेर फारशी कुणी घेतली नव्हती, ती तक्रारीमुळे घराघरात पोचली.

इतके जुने प्रकरण आज काढायचे कारण आहे. आम्ही कामण परिसरातल्या तरुणांबरोबर काम करतो. चिंचोटी-भिवंडी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गाळ्यांत कामाला जाणारी, दिवा-वसई गाडीने ये-जा करणारी ही मुले-मुली. त्यांच्या फोनवर दर महिन्या-दोन महिन्यांनी एखादे चित्र येते. कुठे बाबासाहेबांना भगवे उपरणे घातलेले असते, कुठे बुद्धाच्या हातात बंदूक दिलेली असते, कुठे अशोकचक्राचे काहीतरी केलेले असते. आता तर संगणकाला एक ओळ सांगितली की असे चित्र मिनिटात तयार होते. ते गटावर पडले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : गुन्हा दाखल करायचा का? दुसरा प्रश्नही ठरलेला : मोर्चा कधी?

आमचे म्हणणे असे आहे की या दोन प्रश्नांच्या आधी एक तिसरा प्रश्न विचारायला हवा. हे चित्र नेमके कुणावर रोखलेले आहे? सत्तेवर, की आपल्या वस्तीतल्या माणसावर? या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून आहे, आणि नेमका तोच प्रश्न आपण घाईत वगळतो.

राजमुद्रा स्वतःच एक मिश्रण आहे

त्रिवेदींच्या चित्रावर राग येण्याचे कारण आपल्यापुरते दुहेरी आहे. इतरांसाठी ती सरकारी मुद्रा आहे. आपल्यासाठी ती सम्राट अशोकाची, म्हणजे धम्माची खूण आहे. १९०४-०५ मध्ये सारनाथच्या उत्खननात हे सिंहशीर्ष सापडले. तथागतांनी पहिले प्रवचन दिले ते हे ठिकाण. बौद्ध परंपरेत तथागतांच्या उपदेशाला सिंहनाद म्हणतात, त्यांना शाक्यसिंह म्हणतात. पाठीला पाठ लावून चार दिशांना पाहणारे हे सिंह तो उपदेश चारी दिशांना पोचवतात, असा त्यांचा अर्थ लावला जातो. सिंहांच्या डोक्यावर मुळात एक मोठे धम्मचक्र होते, त्याचे तुकडेही उत्खननात मिळाले.

२६ जानेवारी १९५० रोजी हे शिल्प देशाची राजमुद्रा झाले, तेव्हा त्यात बदल करूनच घेतले गेले. वरचे मोठे चक्र आले नाही. खालचे उलटे कमळ गाळले. आणि खाली ब्रीदवाक्य आले ते मुण्डकोपनिषदातले. म्हणजे बौद्ध शिल्पाखाली उपनिषदातले वचन, असे हे दोन परंपरांचे मिश्रण आपण सगळे रोज नोटांवर आणि सरकारी पत्रांवर पाहतो. त्याला कुणी अवमान म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पण ‘आमच्या प्रतीकाला दुसऱ्या कशाचा स्पर्श झाला की ते विटाळते’ असे जेव्हा कुणी बोलतो, तेव्हा हे आठवावे. शिवाय विटाळाची भाषा आपण कुणाकडून शिकलो, हाही प्रश्न आहेच.

समाजशास्त्रात एमिल दुर्खीम यांचे एक साधे निरीक्षण शिकवतात. समाज एखाद्या वस्तूला पवित्र ठरवतो तेव्हा त्या वस्तूत तो स्वतःलाच पाहत असतो. म्हणून कापडाचा तुकडा फाटला तर शिंपी लागतो आणि झेंडा फाटला तर दंगल होते. शतकानुशतके ज्या समाजाला स्वतःचे म्हणून काही प्रतीक ठेवू दिले नाही, त्याच्यासाठी निळा झेंडा, चक्र, बाबासाहेबांची तसबीर यांचे मोल तर अधिकच असणार. त्यामुळे चित्र पाहून संतापणाऱ्या मुलाला ‘भावना आवर’ असे सांगण्याचा आमचा मुळीच विचार नाही. त्याचा संताप खरा आहे. प्रश्न त्या संतापाला कोणते काम द्यायचे एवढाच आहे.

२०२२ मध्ये याच सिंहांवरून उलट्या दिशेचा वाद झाला. नव्या संसद भवनावर बसवलेल्या साडेसहा मीटर उंचीच्या कांस्य सिंहांचे अनावरण जुलैमध्ये झाले आणि सारनाथचे शांत सिंह इथे क्रूर केले, अशी टीका सुरू झाली. शिल्पकारांनी हा पाहण्याच्या कोनाचा परिणाम असल्याचे सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सिंह कसे वाटतात हे पाहणाऱ्याच्या मनावर अवलंबून आहे, अशा अर्थाचे मत देऊन न्यायालयाने याचिका फेटाळली. सरकारने सिंहाचा चेहरा बदलला तर ती कला, आणि व्यंगचित्रकाराने बदलला तर राजद्रोह, असा हा सगळा विनोद आहे.

कायदा बूमरँगसारखा असतो

त्रिवेदी प्रकरणाचे पुढे काय झाले? राज्य सरकारने राजद्रोहाचे कलम ऑक्टोबर २०१२ मध्येच सोडून देत असल्याचे न्यायालयात सांगितले. एका वकिलाने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च २०१५ रोजी निकाल दिला. त्या निकालात न्यायालयाने चित्रांचे कौतुक अजिबात केलेले नाही. त्यात विनोद नाही, उपरोध नाही, नुसता संताप आणि किळस आहे, असेच न्यायालयाचे मत पडले. पण हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी नसेल तर तो राजद्रोह होत नाही, हे १९६२ च्या केदारनाथ सिंह प्रकरणापासूनचे तत्त्व न्यायालयाने पुन्हा ठामपणे मांडले. चित्र वाईट असणे आणि चित्र गुन्हा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य आमच्या अभ्यासवर्गात फळ्यावर लिहून ठेवावे लागते.

आणखी एक गंमत. १९७१ चा जो कायदा लावला होता, त्याच्या कलम २ मध्ये राष्ट्रध्वज आणि राज्यघटना यांचे संरक्षण आहे. राजमुद्रेचा त्यात उल्लेख नाही. राजमुद्रेसाठी २००५ चा वेगळा कायदा आहे आणि तो मुख्यतः गैरवापराबद्दल बोलतो, म्हणजे स्वतःला सरकारी भासवणे, व्यापारासाठी मुद्रा वापरणे वगैरे. तक्रार करताना आपण बहुधा कलमे वाचत नाही. पोलीस जी लावतील ती लावतात.

आता ६६-अ या कलमाचे पाहू. त्रिवेदींच्या अटकेनंतर सव्वादोन महिन्यांनी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिले म्हणून एका तरुणीला आणि ते आवडल्याचे बटण दाबले म्हणून तिच्या मैत्रिणीला पालघरमध्ये अटक झाली. तेच ६६-अ. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. आज तो आपला जिल्हा आहे आणि कामणही त्यातच. त्या अटकेमुळेच ६६-अ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केले. उच्च न्यायालयाच्या निकालानंतर बरोबर एका आठवड्याने. आपल्यातल्या एका तरुणाने सप्टेंबरमध्ये ज्या कलमाचे समर्थन केले, ते नोव्हेंबरमध्ये आपल्याच परिसरातल्या दोन मुलींच्या दारात उभे राहिले.

आणि कलाकारांच्या बाबतीत कायद्याचा अनुभव कुणाला सर्वाधिक आला? पुण्याच्या कबीर कला मंचाने जातीवर, विषमतेवर शाहिरी केली. त्यांच्या कलाकारांवर यूएपीएसारखा कायदा लागला. शीतल साठे आणि सचिन माळी यांनी एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनासमोर स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले. सचिन माळी यांना जामीन मिळायला २०१७ उजाडले. डफावर थाप मारणाऱ्या आंबेडकरी कलाकाराला ‘देशविरोधी’ ठरवणे नेहमीच सोपे असते. म्हणून अशा कायद्यांची धार वाढवायला आपण हातभार लावताना दहा वेळा विचार करावा.

राजद्रोहाचे कलम ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगित ठेवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात ‘राजद्रोह’ हा शब्द नाही, पण कलम १५२ आहे आणि त्याची भाषा जुन्या कलमापेक्षा अरुंद नाही. नाव बदलले म्हणून कुणी निश्चिंत होऊ नये.

गोगलगाय

त्रिवेदींच्या अटकेच्या चार महिने आधी दुसरे चित्र पेटले होते, आणि त्याचा झटका थेट महाराष्ट्रात बसला. व्यंगचित्रकार शंकर यांचे १९४९ सालचे हे चित्र. राज्यघटना नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसले आहेत, हातात चाबूक आहे. मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. भोवती बघ्यांची गर्दी. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात हे चित्र २००६ पासून होते. मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला, मंत्री कपिल सिब्बल यांनी माफी मागून ते काढण्याची घोषणा केली, आणि पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. तोडफोड करणारे आपल्याच घोषणा देणारे होते.

इथे आम्हाला दोन गोष्टी एकदम म्हणायच्या आहेत.

आक्षेप निराधार नव्हता. नेहरूंचा चाबूक गोगलगायीवर आहे की बाबासाहेबांवर, हे चित्र पाहणारा ठरवतो. दिल्लीतल्या संपादकाला त्यात संविधान सभेच्या दिरंगाईवरचा विनोद दिसेल. पण ज्या वर्गात चाळीस मुले आहेत आणि त्यातली तीन ‘स्कॉलरशिपवाली’ म्हणून ओळखली जातात, तिथे ब्राह्मण पंतप्रधानाच्या हातातला चाबूक आणि त्याच्या पुढे बसलेले बाबासाहेब यांचा अर्थ वेगळा होतो. मधल्या सुट्टीत काय होते, हे सल्लागार समितीला दिसत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांनी ते भोगले आहे. चित्राचा अर्थ चित्रकाराच्या मनात असतो तेवढाच नसतो. तो वर्गात कोण कुठे बसले आहे त्यावर ठरतो.

आणि तोडफोड साफ चुकीची होती. पळशीकर हे आंबेडकरी विचारांवर गांभीर्याने लिहिणारे अभ्यासक. त्यांच्या खुर्च्या मोडून बाबासाहेबांच्या सन्मानात कणभर भर पडली नाही. पुढे डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने बरीच व्यंगचित्रे काढायची शिफारस केली. समितीतले एक सदस्य, इतिहासाचे अभ्यासक एम. एस. एस. पांडियन यांनी मात्र असहमती नोंदवली. सगळ्या राजकारण्यांना आपापल्यावरची नकोशी व्यंगचित्रे गाळायला आपला राग कसा सोयीचा ठरला, हे तेव्हा आपल्या लक्षात आले नाही.

खरे तर त्या गोगलगायीला उत्तर बाबासाहेबांनी स्वतःच दिलेले आहे, त्याच वर्षी. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात ते दिरंगाईच्या आरोपाकडे वळतात आणि हिशोबच मांडतात. अमेरिकेला चार महिने लागले, कॅनडाला दोन वर्षे पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष. पण आपल्या घटनेत ३९५ अनुच्छेद आणि ८ परिशिष्टे आहेत, इतरांच्या घटना याहून कितीतरी लहान. शिवाय त्या देशांना दुरुस्त्यांचा डोंगर पार करावा लागला नाही. इथे ७,६३५ दुरुस्त्या आल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. सभेतल्या नझिरुद्दीन अहमद यांनी मसुदा समितीचे ‘ड्राफ्टिंग कमिटी’ हे नाव मुरडून तिला ‘ड्रिफ्टिंग कमिटी’, म्हणजे वाहवत जाणारी समिती, असे हिणवले होते. बाबासाहेब त्यावर चिडले नाहीत. वाहवत जाणे आणि प्रवाहावर हुकूमत ठेवून वाहणे यात फरक असतो, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी तो टोला तिथल्या तिथे परतवला. आकडे आणि मिश्कीलपणा, दोन्ही एकाच भाषणात.

२०१२ मध्ये आपण हे भाषण छापून प्रत्येक अकरावीच्या वर्गात वाटले असते तर? चित्राखाली उत्तर म्हणून ते छापा, अशी मागणी केली असती तर? आम्हाला ही मागणी चित्र काढण्याच्या मागणीपेक्षा जास्त जहाल वाटते.

असे काम नंतर एकाने केले. उन्नामती श्याम सुंदर या संशोधकाने १९३२ ते १९५६ या काळातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांतली बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे शोधून २०१९ मध्ये ‘नो लाफिंग मॅटर’ या पुस्तकात एकत्र केली. एकेका चित्राशेजारी त्या वेळी नेमके काय घडत होते ते लिहिले. एकटे चित्र पाहिले की एखादा विनोद वाटतो. ही सगळी ओळीने पाहिली की त्या काळातल्या मोठमोठ्या चित्रकारांची जात बोलू लागते. कुणाचे चित्र जाळले नाही, फाडले नाही. उलट सगळी जपली आणि साक्षीला उभी केली.

त्रिवेदींच्या बाबतीतही हेच करता आले असते. लोकपाल आंदोलनाबद्दल आपल्या बाजूच्या अनेकांचे आक्षेप होते : संसदेची आणि निवडणुकीची सरसकट टवाळी कुणाच्या सोयीची, भ्रष्टाचाराची व्याख्या फक्त लाच एवढीच का, जातीचा भ्रष्टाचार त्यात का नाही. वर सांगितलेल्या भाषणातच बाबासाहेबांनी घटनात्मक मार्ग उपलब्ध असताना रस्त्यावरच्या दबावाचे मार्ग सोडून द्यायला सांगितले आहे. संसदेचे शौचालय दाखवणाऱ्या चित्राला इतके नेमके उत्तर आपल्या हातात होते. ते न देता आपण पोलीस ठाण्यात गेलो आणि वाद ‘संसद की टवाळी’ असा न राहता ‘कलाकार की पोलीस’ असा झाला. त्यात आपण पोलिसांच्या बाजूला उभे असल्याचे देशाला दिसले.

आपलेही कुणाला खटकते

प्रतीकांना धक्का देणारे लिखाण काय फक्त इतरांनीच केले? १५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधना’ विशेषांकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. राष्ट्रीय प्रतीकाच्या अवमानाला होणारी शिक्षा आणि दलित स्त्रीच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याला होणारा दंड, अशी तुलना करून त्यांनी झेंड्याबद्दल जे लिहिले त्याने महाराष्ट्र हादरला. तो लेख नसता तर दलित पँथर आपल्याला माहीत आहे तशी उभी राहिली असती का, याची आम्हाला शंका आहे. आज तो लेख नव्याने लिहून कुणी गटावर टाकला, तर पहिली तक्रार कोण करेल, हेही मनाशी विचारून पाहावे.

१९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, प्रसिद्ध केला. त्यातल्या राम-कृष्णावरच्या प्रकरणाने भावना दुखावल्या म्हणून शिवसेनेसह अनेक संघटना रस्त्यावर आल्या. ते प्रकरण गाळा, अशी मागणी झाली. तेव्हा आपण काय म्हणालो? भावना दुखावल्या म्हणून विचार गाळता येत नाही, असे म्हणालो. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत लाखोंचा मोर्चा निघाला. अखेर मजकूर राहिला आणि शासन या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशी टीप जोडली गेली. हा आपला विजय होता, आणि तो ज्या तत्त्वावर मिळाला ते तत्त्व फक्त आपल्या पुस्तकापुरते ठेवता येत नाही.

मग कायदा कधी?

आता उलट बाजू. ‘कला आहे, सहन करा’ हा उपदेशही आम्हाला मान्य नाही. सहनशीलतेचे धडे या देशात नेहमी खालच्यालाच दिले जातात.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि १० जणांचा जीव गेला. ती माळ कलाकृती नव्हती. तिच्यातून सत्तेवर टीका होत नव्हती. ज्या वस्तीत आपण राहतो तिथे येऊन, तुम्ही कुठे आहात ते विसरू नका, असे सांगणारी ती धमकी होती. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे स्पष्ट आहे : रोख वस्तीतल्या माणसावर होता.

अशा वेळी कायदा आपल्या बाजूला आहे आणि तो नीट माहीत हवा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिच्यानुसार कलम ३(१)(टी) मध्ये या समाजांनी पवित्र किंवा आदरणीय मानलेल्या वस्तूची, म्हणजे पुतळा, तसबीर यांची मोडतोड किंवा विटंबना हा गुन्हा आहे. कलम ३(१)(व्ही) मध्ये या समाजांना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दांनी किंवा अन्य मार्गाने अनादर करणे हा गुन्हा आहे. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसावा ही अट आहे. बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा असल्यामुळे ‘तुम्ही बौद्ध, तुम्हाला हा कायदा लागत नाही’ असे ठाण्यात कुणी म्हणाले तर ते चूक आहे. तपास पोलीस उपअधीक्षक किंवा आयुक्तालयात सहायक पोलीस आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. वसई-विरारला आता आयुक्तालय आहे, म्हणजे इथे सहायक आयुक्त. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी कलम ४ आहे.

धर्मभावनांचे कलम, पूर्वीचे २९५-अ, आता न्याय संहितेत २९९ आहे. त्यात ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ हे शब्द आहेत. नुसते खटकले, एवढे पुरत नाही.

सोपाऱ्याचा पुण्ण

कामणपासून सोपारा फार लांब नाही. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप खणला, त्यातून दगडी पेटी आणि तिच्यात बुद्धमूर्ती व करंडक निघाले. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, जो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगावात सापडला. ज्या अशोकाच्या सिंहांवरून वाद झाला, त्याचे शब्द आपल्या तालुक्याच्या मातीत होते. अशोकाच्या बाराव्या लेखात, जो गिरनारसारख्या ठिकाणी पूर्ण वाचता येतो, स्वतःच्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याच्या पंथाला हिणवणारा आपल्याच पंथाचे नुकसान करतो, असा आशय आहे. बोलण्यावर संयम हे त्यात मुख्य.

सोपाऱ्याशी जोडलेली त्याहून जुनी गोष्ट मज्झिम निकायातल्या पुण्णोवाद सुत्तात आहे. भिक्खू पुण्ण सुनापरान्तात जायला निघतो. अट्ठकथा त्याला सोपाऱ्याचा म्हणतात. तथागत त्याला विचारतात : तिथले लोक तापट आहेत, शिव्या देतील, मग? पुण्ण म्हणतो, हातांनी मारले नाही हा त्यांचा चांगुलपणा समजेन. हातांनी मारले तर? ढेकळांनी मारले नाही असे म्हणेन. असे करत प्रश्न दांड्यापर्यंत, शस्त्रापर्यंत, जिवापर्यंत जातो. ही गोष्ट ऐकून तरुण चिडतात, आणि ते आम्हाला समजते. चपलांची माळ पाहणाऱ्याला पुण्णाचे उदाहरण देणे हा क्रूरपणा होईल. पण गोष्टीचा शेवट सहसा कुणी सांगत नाही. पुण्ण गप्प बसला नाही. तो त्याच लोकांत गेला, बोलला, आणि त्या एका वर्षावासात पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका उभ्या केल्या. शिवी त्याने मोजली नाही, कारण त्याला काम होते.

ब्रह्मजाल सुत्तात तथागतांनी भिक्खूंना सांगितले ते याहून व्यवहारी आहे. कुणी माझी, धम्माची किंवा संघाची निंदा केली तर रागावू नका, रागावलात तर त्यांचे बोलणे खरे की खोटे हे तुम्हाला कळणारच नाही. खोटे असेल तिथे, हे असे नाही आणि का नाही, ते सांगा. आमच्या समजुतीप्रमाणे हे बौद्ध माणसासाठी व्यंगचित्र वाचण्याचे पहिले सूत्र आहे.

त्यामुळे कामणच्या आमच्या गटात सध्या एवढे ठरले आहे. चित्र आले की ते पुढे पाठवायचे नाही, रागाने सुद्धा नाही, कारण पसरवण्याचे अर्धे काम आपलाच राग करतो. चित्र, तारीख, वेळ, कुठल्या गटातून आणि कुठल्या खात्यावरून आले हे जपून ठेवायचे. पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मग बसून ठरवायचे की रोख कुणावर आहे. वस्तीवर, माणसावर, पुतळ्यावर असेल तर वकिलाला घेऊन ठाण्यात. सत्तेवर, पक्षावर, विचारावर असेल तर दोन दिवसांत उत्तर लिहायचे किंवा काढायचे. आमच्यात तीन मुली चांगल्या चित्र काढतात. त्यांतल्या एकीने गोगलगाय काढली आहे, तिच्या पाठीवर ७,६३५ चिठ्ठ्यांचा ढीग आणि पुढे चालणारे बाबासाहेब. विहाराच्या भिंतीवर ती लावली आहे. काही ज्येष्ठ उपासकांना ती आवडलेली नाही, आणि त्यावर येत्या रविवारी वंदनेनंतर चर्चा ठेवली आहे.